आबांची वही आणि ध्रुवावरचा बर्फ

बारावीचा निकाल लागला की आठवड्याभरात दोन-चार मुलं तरी माझ्याकडे येतात. कुणी मिरजेचं, कुणी तासगावचं, एखादं कडेगावहून एसटीनं आलेलं. प्रश्न बहुतेक एकच असतो : "मॅडम, ध्रुवावर जायचं तर काय करावं लागतं?" मी आधी त्यांना चहा देते आणि मग सांगते की ध्रुवावर जाणं हा या कामातला सगळ्यात छोटा भाग आहे. मी तिकडे एकदाच गेले, तेही पाच आठवडे. बाकीची वर्षं संगणकासमोर गेली. हे ऐकूनही ज्यांचे डोळे विझत नाहीत, त्यांच्यासाठी हे सगळं एकदा सविस्तर लिहून ठेवते आहे. माझा विषय म्हणजे ध्रुवाजवळच्या समुद्रावर गोठणारा आणि वितळणारा बर्फ, आणि गेल्या चाळीस-पंचेचाळीस वर्षांत तो कसा आटत गेला त्याची मोजदाद.

मी सांगलीच्या गावभागातली. पावसाळ्यात आबा, म्हणजे माझे वडील, रोज संध्याकाळी कृष्णेच्या घाटावर जाऊन पाणी वरून कितव्या पायरीला आहे ते बघून येत आणि शंभर पानी वहीत लिहून ठेवत. तारीख, पायरी, पायरीच्या वर किती बोटं, दिवसभराचा पाऊस. आयर्विन पुलाजवळची पातळी कळली तर तीही. सांगलीकराला पुलाजवळचे फूट समजावून सांगावे लागत नाहीत. ४० म्हणजे इशारा, ४५ म्हणजे धोका, आणि २०१९ च्या ऑगस्टात पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. आबांच्या वहीत एका पानावर तांबड्या शाईत एक नोंद आहे : "घाटाची डागडुजी झाली. वर एक पायरी वाढवली. जुनी सातवी ती आता आठवी. मागचे आकडे वाचताना ध्यानात ठेवणे." लहानपणी मी ती ओळ कितीदा तरी वाचली असेल. तिचा अर्थ मला कळला तो पीएच.डी.च्या दुसऱ्या वर्षी. तिथवर येतेच, पण आधी बर्फ.

बर्फ मला शिकवला मामानं. तो मिरजेजवळच्या एका बर्फाच्या कारखान्यात होता. सुट्टीत मी डबा द्यायला जायची आणि तिथंच रेंगाळायची. पत्र्याच्या उंच डब्यांत गोडं पाणी भरायचं आणि ते डबे खाऱ्या पाण्याच्या हौदात सोडायचे. हौदातलं पाणी शून्याच्या कितीतरी खाली गार केलेलं, पण त्यात भरपूर मीठ, म्हणून ते गोठत नाही. गोठतं ते डब्यातलं. लादी बाहेर काढली की तिच्या कडा काचेसारख्या आरपार आणि मधोमध पांढरा धुरकट पट्टा. मी विचारलं, "मामा, मधी पांढरं का?" तो म्हणाला, "अगं, पाणी कडेनं गोठत आत येतंय. येताना आपल्यातली हवा, क्षार, घाण सगळं म्होरं ढकलत नेतंय. शेवटी जाईल कुठं? मधी अडकून बसतंय."

समुद्री बर्फाचं निम्मं शास्त्र या एका वाक्यात आहे. गोठताना पाणी आपल्यात दुसरं काही ठेवून घेत नाही. समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात, त्यामुळे ते शून्याला गोठत नाही, उणे १.८ अंशाच्या आसपास गोठतं. गोठताना मीठ बाहेर टाकलं जातं. काही मीठ बर्फात बारीक कप्प्यांत खाऱ्या पाण्याच्या रूपात अडकतं आणि पुढच्या महिन्यांत झिरपत खाली जातं. म्हणून एकाच हिवाळ्याचा बर्फ खारट लागतो, आणि दोन-चार उन्हाळे टिकलेला जुना बर्फ वितळवून पिता येतो. बाहेर पडलेलं मीठ खालच्या पाण्याला जड करतं, ते पाणी बुडतं, आणि अंटार्क्टिकाजवळ तर अशाच बुडणाऱ्या पाण्यानं महासागराचे तळ भरत राहतात. घरी करून बघायचं असेल तर लिटरभर पाण्यात ३५ ग्रॅम मीठ विरघळवा, भांडं फ्रीझरमध्ये ठेवा, आणि वर पापुद्रा धरला की तो काढून गार पाण्यात झटकन बुचकळून चाखा. उरलेलं पाणीही चाखा. फरक जिभेलाच कळतो. माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला मी हे करून यायला सांगते, आणि जो करून येतो त्याच्याशी पुढचं बोलणं सोपं जातं.

इथंच एक घोटाळा निस्तरून घ्या, कारण वर्तमानपत्रांतही तो सर्रास असतो. समुद्री बर्फ वेगळा, हिमनदी वेगळी, हिमनग वेगळा. हिमनदी जमिनीवर पडलेल्या हिमाची, तिचा तुकडा मोडून समुद्रात पडला की हिमनग. समुद्री बर्फ मात्र समुद्राच्याच पाण्याचा आणि समुद्रावरच तरंगणारा, बहुतेक ठिकाणी एक-दोन मीटर जाडीचा. मला एका मुलाखतीत विचारलं होतं, "उत्तर ध्रुवाजवळचा सगळा समुद्री बर्फ वितळला तर समुद्राची पातळी किती वाढेल?" मला उसाच्या रसाचा काठोकाठ भरलेला ग्लास आठवला. वरचा खडा विरघळला तरी रस सांडत नाही. मी म्हणाले, "जवळजवळ काहीच नाही. तो आधीच तरंगतोय, आपल्या वजनाइतकं पाणी त्यानं आधीच बाजूला सारलंय." "जवळजवळ" का, ते पुढं सांगितलं : समुद्री बर्फ समुद्राच्या पाण्यापेक्षा कमी खारा, म्हणून अगदी किंचित वाढ होते. पातळी वाढवतो तो ग्रीनलंड आणि अंटार्क्टिकाच्या जमिनीवरचा बर्फ, आणि तापून फुगणारं समुद्राचं पाणी. मग समुद्री बर्फाची एवढी काळजी का? कारण हिमाच्छादित बर्फ अंगावर पडलेल्या उन्हातलं ८० टक्क्यांहून जास्त परत फेकतो, आणि उघडा काळा समुद्र ९० टक्क्यांहून जास्त पिऊन टाकतो. पांढरं झाकण गेलं की समुद्र तापतो, तापला की पुढच्या हिवाळ्यात बर्फ उशिरा आणि पातळ धरतो. १९७९ पासून उत्तर ध्रुवाचा प्रदेश जगाच्या सरासरीच्या जवळपास चौपट वेगानं तापला, त्यामागच्या कारणांत हे एक मोठं आहे.

आता माझी चूक.

समुद्री बर्फाची सलग नोंद १९७८ च्या ऑक्टोबरपासून मिळते, निंबस-७ या उपग्रहापासून. या उपग्रहावरचं यंत्र फोटो काढत नव्हतं. प्रत्येक वस्तू आपल्या तापमानानुसार सूक्ष्मलहरी सोडत असते, आणि बर्फ त्या उघड्या पाण्यापेक्षा कितीतरी जास्त सोडतो. १९ आणि ३७ गिगाहर्ट्झच्या आसपासच्या लहरी मोजल्या की त्या जागेवर किती टक्के बर्फ आहे याचा अंदाज येतो. ढग असोत की सहा महिन्यांची रात्र असो, या लहरी येतच राहतात. या कामात छायाचित्रांपेक्षा याच मोजमापाला मान आहे तो त्यामुळे.

मी गोव्यात पीएच.डी. करत होते. सुरुवातीलाच सरांनी सांगितलं, "कुणाचा तयार आलेख घेऊ नकोस. कच्ची माहिती उतरव आणि उत्तर ध्रुवाजवळच्या बर्फाचं क्षेत्रफळ स्वतः काढ." दोन महिने खपून मी आलेख काढला. सगळं छान खाली उतरत होतं, पण १९८७ मध्ये बर्फ एकदम वाढला होता. जवळपास नऊ लाख चौरस किलोमीटरनं, म्हणजे तीन महाराष्ट्र मावतील इतका. त्या रात्री मला झोप लागली नाही. काहीतरी मोठं हाती लागलंय असं वाटत होतं. १९८७ च्या वाऱ्यांवरचे जुने लेख काढून वाचले, एक स्पष्टीकरणही जुळवलं. सकाळी सरांसमोर आलेख ठेवला. त्यांनी बराच वेळ बघितला आणि शांतपणे म्हणाले, "त्या वर्षी समुद्रात काय झालं ते तू शोधलंस. आकाशात काय झालं ते शोधलंस का?"

आकाशात यंत्र बदललं होतं. हे उपग्रह ध्रुवाच्या नेमके वरून जात नाहीत, थोडे तिरके जातात. त्यामुळे ध्रुवाभोवती एक गोल भोक उरतं, जे त्यांना कधीच दिसत नाही. निंबस-७ ला ८४.५ अंश अक्षांशाच्या पलीकडचं दिसत नव्हतं, म्हणजे सुमारे १२ लाख चौरस किलोमीटर. १९८७ मध्ये आलेल्या पुढच्या यंत्राला ८७.२ अंशांपर्यंत दिसू लागलं आणि भोक ३ लाखांच्या आसपास आलं. पुढं २००८ पासूनच्या यंत्राचं भोक तर ३० हजारांच्याही आत होतं. माझ्या आज्ञावलीनं भोकाची जागा शून्य धरली होती. १९८७ मध्ये बर्फ वाढला नव्हता. आपल्याला दिसणारी जागा वाढली होती.

त्या संध्याकाळी मी घरी फोन केला आणि आबांना वहीतलं तांबड्या शाईचं पान वाचून दाखवायला सांगितलं. जुनी सातवी ती आता आठवी.

नव्यानं येणाऱ्याला मला एकच गोष्ट सांगायची असेल तर ती ही आहे. बर्फ कमी होतोय हे सांगायला आज कुणाची गरज नाही. गरज आहे ती मोजपट्टी कुठं, कधी आणि किती बदलली हे इमानेइतबारे लिहून ठेवणाऱ्यांची, आणि तरीही शेवटी काय उरतं हे सांगणाऱ्यांची. निंबस-७ आणि त्याच्या पुढचं यंत्र ही दोन्ही सोबत चालली ती जेमतेम महिना-दीड महिना, १९८७ च्या जुलै-ऑगस्टात. तेवढ्याशा काळावर दोन मोजपट्ट्या एकमेकींशी जुळवून घ्याव्या लागल्या. त्याच वर्षीच्या डिसेंबरपासून पुढच्या जानेवारीच्या मध्यापर्यंत तर नोंदच नाही, सगळ्यांच्या आलेखात तिथं रिकामी जागा आहे. आणि हे जुनं झालं असं समजू नका. २०२५ मध्ये ही पुढची यंत्रं वाहणाऱ्या, अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या उपग्रहांची माहिती बंद होणार अशी घोषणा आली, पुढं मुदत वाढली, पण तोवर सगळ्यांना जपानच्या एएमएसआर-२ या यंत्राकडे वळणं भाग पडलं. ते २०१२ पासून वर आहे, आणि त्याच्या पुढचं यंत्र जून २०२५ मध्ये सोडलं गेलं. म्हणजे पायरी पुन्हा बदलते आहे. तुम्ही आज पहिल्या वर्षाला असाल तर हे जुळवण्याचं काम तुमच्या हातून होणार आहे.

दोन शब्द पक्के करून ठेवा, कारण पहिल्याच दिवशी ते लागतात : विस्तार आणि क्षेत्रफळ. नकाशा २५ किलोमीटरच्या चौकटींत विभागलेला असतो. एका चौकटीत सांगली, हरिपूर, मिरज, बुधगाव आरामात मावतात. चौकटीत १५ टक्के बर्फ असला की विस्तार मोजताना सगळी चौकट बर्फाची धरतात. मिरजेपुरताच बर्फ असला तरी सांगलीही त्यात आली. क्षेत्रफळ काढताना मात्र १५ टक्के म्हणजे १५ टक्केच. हा प्रकार अन्यायाचा वाटतो, मलाही वाटायचा. पण उन्हाळ्यात बर्फावर वितळलेल्या पाण्याची डबकी साचतात, आणि उपग्रहाला डबकं आणि उघडा समुद्र सारखाच दिसतो. क्षेत्रफळ त्यामुळे खोटंच कमी येतं. विस्ताराला डबक्यांचा त्रास कमी, म्हणून जुन्या-नव्याची तुलना विस्तारावर करतात. दुसरा त्रास किनाऱ्याचा. ज्या चौकटीत अर्धी जमीन असते, तिथं जमिनीच्या लहरी मिसळून भर उन्हाळ्यात बर्फ असल्याचा भास होतो. अशा चौकटी गाळायला शिकावं लागतं.

आता आकडे. उत्तरेत बर्फ मार्चमध्ये सर्वाधिक आणि सप्टेंबरमध्ये सर्वांत कमी असतो. १९८० च्या दशकात सप्टेंबरचा विस्तार साधारण ७० लाख चौरस किलोमीटर असायचा, भारताच्या दुपटीहून जास्त. सप्टेंबर २०१२ मध्ये तो ३४ लाखांवर आला, भारताएवढाच म्हणा ना. ती आजवरची नीचांकी नोंद आहे. सप्टेंबरचा बर्फ दर दशकाला सुमारे १२ टक्के या गतीनं घटतो आहे, १९८१ ते २०१० च्या सरासरीशी तुलना केली तर. इथं प्रत्येक व्याख्यानात एक हात वर होतो : "२०१२ नंतर विक्रम मोडला नाही, म्हणजे वितळणं थांबलं का?" प्रश्न चांगला आहे, त्याला टाळू नका. कृष्णेला दर वर्षी २०१९ सारखा पूर येत नाही, पण म्हणून पूर यायचे थांबले असं आपण म्हणत नाही. एकेका वर्षाचा आकडा त्या उन्हाळ्यातल्या वाऱ्यांवर आणि ढगांवर हलतो. २००७ ते २०२५ ही सलग १९ वर्षं घ्या : उपग्रहाच्या संपूर्ण नोंदीतले सर्वांत कमी १९ सप्टेंबर हेच आहेत. मार्च २०२५ मध्ये तर हिवाळ्यातला कमाल विस्तारही तोवरचा सर्वांत कमी निघाला, सुमारे १ कोटी ४३ लाख.

कारणाबद्दल मुलांना मी एकच निष्कर्ष पाठ करायला लावते, कारण तो हाताला लागेल असा आहे. २०१६ मध्ये डर्क नॉट्झ आणि ज्युलिएन स्ट्रोव्ह या समुद्री बर्फाच्या अभ्यासकांनी दाखवलं की माणसानं हवेत सोडलेल्या प्रत्येक टन कार्बन डायऑक्साइडमागे सप्टेंबरचा सुमारे तीन चौरस मीटर बर्फ जातो. एक टन म्हणजे साधारण ४३० लिटर पेट्रोल. तीन चौरस मीटर म्हणजे आमच्या देवघरापुढची जागा. हा हिशेब मी प्रथम केला तेव्हा उठून त्या जागेवर जाऊन उभी राहिले होते.

आणि दक्षिण? तिथं नम्र राहायला शिका. अंटार्क्टिकाभोवतीचा समुद्री बर्फ कित्येक वर्षं कमी होतच नव्हता. सप्टेंबर २०१४ मध्ये त्यानं २ कोटींचा टप्पा ओलांडून उच्चांक केला. २०१६ च्या अखेरीस तो अचानक कोसळला. फेब्रुवारी २०२३ मध्ये १८ लाखांच्या खाली, आजवरचा नीचांक, आणि त्याच वर्षीचा हिवाळी कमाल विस्तार आधीच्या नीचांकापेक्षाही १० लाखांनी कमी. तापलेल्या खोल समुद्राचा यात हात आहे असं अनेकांना वाटतं, पण वाद चालू आहे. पीएच.डी.ला विषय शोधत असाल तर माझ्या मते आज सगळ्यात जिवंत प्रश्न तिथं आहे.

शिक्षणाचं थोडक्यात सांगते, कारण यात गूढ काही नाही. भौतिकशास्त्र किंवा गणित घेऊन बी.एस्सी. करा, सांगली-साताऱ्यातल्या कुठल्याही बऱ्या कॉलेजातून चालतं. मी मराठी माध्यमातली, आणि त्यानं माझं काही अडलं नाही. इंग्रजी लेख सावकाश वाचत गेलं की वर्षभरात सराव होतो. एम.एस्सी. भौतिकशास्त्रात करता येते, नाहीतर थेट वातावरण किंवा सागरविज्ञानात : पुणे विद्यापीठ, गोवा विद्यापीठ, कोचीनचं विज्ञान आणि तंत्रज्ञान विद्यापीठ. मग नेट ही परीक्षा, पृथ्वी-वातावरण-सागर-ग्रह विज्ञान या विषयातली, किंवा गेट. कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्ती २०२३ पासून महिना ३७ हजार आहे. घरी सांगताना हा आकडा उपयोगी पडतो, आमच्या आईचा विरोध तेव्हाच्या आकड्यानंच निवळला. संस्था म्हणाल तर वास्को-द-गामा इथलं राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र, पुण्याची उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्था, आणि उपग्रहाच्या अंगानं जायचं असेल तर अहमदाबादचं इस्रोचं स्पेस ॲप्लिकेशन्स सेंटर. २०१३ मध्ये सोडलेल्या सरल या भारत-फ्रान्सच्या उपग्रहानं बर्फाची जाडी मोजण्याच्या कामी मोठी मदत केली आहे.

जाडीचं काम मात्र हात घालण्याआधी विचार करून घ्या. बर्फाचा साधारण दहावा हिस्सा पाण्याच्या वर असतो. उपग्रह मोजतो तो हा वरचा हिस्सा, आणि आपण त्यावरून सगळी जाडी काढतो. वर एका सेंटिमीटरची चूक झाली की खाली दहा सेंटिमीटरची. त्यात बर्फावर हिम किती साचलं आहे हे नीट ठाऊक नसतं. माझ्या एका मैत्रिणीची तीन वर्षं केवळ त्या हिमाच्या थरावर गेली, आणि ती वर्षं तिनं सत्कारणी लावली असंच मी म्हणेन.

एक गोष्ट मुलं विचारत नाहीत, म्हणून मीच सांगते. ध्रुवावर फक्त शास्त्रज्ञ जात नाहीत. अंटार्क्टिकावरच्या मैत्री आणि भारती या केंद्रांवर डॉक्टर, वाहनांचे मेकॅनिक, इलेक्ट्रिशियन, वेल्डर, स्वयंपाकी लागतात, आणि त्यांच्या जागांच्या जाहिराती निघतात. निवड झाली तर कसून वैद्यकीय तपासणी, आणि उत्तराखंडातल्या औलीला बर्फात राहायचं प्रशिक्षण. पलूस, किर्लोस्करवाडीकडच्या आयटीआय झालेल्या मुलांनी याकडे जरूर बघावं. डिझेल जनरेटर बंद पडला तर तिथं संशोधन राहू द्या, माणसं जगणार नाहीत.

माझा तो एकमेव प्रवास २०१८ च्या उन्हाळ्यात झाला, नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवरच्या नी-ऑलेसुंडला. भारताचं हिमाद्री केंद्र तिथं २००८ पासून आहे. जागा ७९ अंश उत्तरेला, पूर्वी कोळशाची खाण असलेलं गाव. वस्तीच्या बाहेर पाऊल टाकायचं तर पांढऱ्या अस्वलांसाठी सोबत बंदूक लागते आणि ती चालवायला शिकावं लागतं. वाय-फाय आणि ब्लूटूथला मनाई, कारण तिथल्या रेडिओ दुर्बिणीला फार दूरच्या आकाशगंगांमधून येणाऱ्या लहरी ऐकायच्या असतात. दाराशी बूट काढायचे, हे मात्र अगदी आपल्या घरासारखं. मी ज्या फ्योर्डच्या, म्हणजे डोंगरांमधून आत शिरलेल्या खाडीच्या, काठी उभी होते तिथंच, १९२ मीटर खोलीवर, २०१४ पासून भारताची इंडआर्क ही मापनप्रणाली पाण्याचं तापमान आणि खारेपण नोंदवत आली आहे. तिथं वीस वर्षं येणाऱ्या एका नॉर्वेजियन तंत्रज्ञानं पाण्याकडे बोट करून सांगितलं की पूर्वी हिवाळ्यात इथून स्नोमोबाइल पलीकडे जायच्या. २००६ नंतरच्या बहुतेक हिवाळ्यांत अटलांटिकचं कोमट पाणी आत येऊ लागलं आणि तसा बर्फ धरेनासा झाला. मी सात वर्षं ज्या चौकटींतले आकडे मोजत होते, त्यातल्याच एका चौकटीच्या काठावर मी उभी होते. माझ्या तक्त्यात ती चौकट किनाऱ्याची म्हणून गाळलेली होती.

परत आल्यावर तासगावचे काका म्हणाले, "इथं द्राक्षबागेवर डावणी रोग पडलाय, पोरी, आणि तू तिकडं बर्फ मोजायला जातीस." राग नव्हता त्यात, काळजी होती, आणि प्रश्न रास्त होता. २०२१ मध्ये गोव्याच्या केंद्रातल्या संशोधकांचा एक अभ्यास आला : रशियाच्या उत्तरेकडच्या कारा समुद्रातला उन्हाळी बर्फ कमी असणं आणि आपल्याकडे मान्सूनच्या अखेरीस, सप्टेंबरात अतिवृष्टी होणं यांच्यात संबंध असू शकतो. हा दुवा मला महत्त्वाचा वाटतो. पण मी काकांना असं सांगितलं नाही की तुमची बाग ध्रुवावरच्या बर्फामुळे गेली. सांगलीच्या पुराचंही तसंच, त्यात मुसळधार पाऊस आहे, धरणांचे विसर्ग आहेत, नदीपात्रातली बांधकामं आहेत. तुम्ही या क्षेत्रात आलात की लोक तुमच्याकडून एका वाक्यात उत्तर मागतील. ते द्यायचा मोह होतो, विशेषतः घरच्या माणसाला. आवरा. "संबंध असू शकतो, आणि तो किती पक्का ते आम्ही तपासतो आहोत", एवढंच मी काकांना म्हणाले. ते म्हणाले, "मग तपासा लवकर."

आता सुरुवात कुठून करायची ते. पायथन ही संगणकाची भाषा शिका, आणि त्यातली एक्सअरे आणि कार्टोपाय ही तयार साधनं. डेहराडूनच्या भारतीय सुदूर संवेदन संस्थेचे ऑनलाइन वर्ग मोफत असतात. अमेरिकेच्या हिम आणि बर्फ माहिती केंद्राकडून बर्फाची रोजची माहितीही फुकट उतरवता येते, साधा लॅपटॉप आणि कॉलेजचं इंटरनेट पुरतं. एकाच सप्टेंबरची फाइल घ्या, सवयीची होईपर्यंत उलटसुलट बघा, आणि त्या महिन्याचा सरासरी विस्तार स्वतः काढा. मग तो प्रसिद्ध झालेल्या आकड्याशी ताडून बघा. सोबत एक वही ठेवा, कागदाची. कुठली फाइल, कुठल्या यंत्राची, कुठल्या तारखेला उतरवली, काय गाळलं, काय धरलं. ज्या दिवशी काही बदललं, त्या दिवसाची ओळ तांबड्या शाईत.

आकडा पहिल्या फेरीत जुळणार नाही. मला फोन करायच्या आधी तीन गोष्टी तपासा. ध्रुवाभोवतीचं भोक कसं धरलंय. किनाऱ्याच्या खोट्या चौकटी गाळल्यात का. आणि सगळ्या चौकटींचं क्षेत्रफळ सारखंच, ६२५ चौरस किलोमीटर धरलंय का, कारण गोल पृथ्वी सपाट कागदावर पसरताना चौकटी कमी-जास्त ताणल्या जातात आणि प्रत्येकीचं खरं क्षेत्रफळ वेगळं असतं, त्याचा तक्ता वेगळा मिळतो. एवढं करूनही नाही जुळला तर लॅपटॉप आणि वही घेऊन या. रविवारी सकाळी मी घरीच असते.